घरी बनवायच्या दोन सीटर गाडीसाठी इंजिन कोणतं घ्यावं? कबाडातलं जी१३बीबी जिप्सीचं की एस्टीमचं?

नळीवेल्डर
मंडळी नमस्कार. हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करतो. लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश गाडीच्या धर्तीवर एक उघडी दोन सीटर गाडी बनवायला घेतली आहे. इंजिन पुढे उभं (म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं), ओढ मागच्या चाकांना. फ्रेम एक इंची चौकोनी ट्यूबची, निम्मी उभी झाली आहे. इंजिनसकट सगळं वजन ५५० किलोच्या आत बसवायचा बेत आहे. पुढची वेल्डिंग इंजिन ठरल्याशिवाय करता येत नाही, म्हणून काम थांबलंय.

समोर तीन पर्याय आहेत. एका कबाडीकडे सुटं मारुतीचं इंजिन पडलंय, नंबर जी१३बीबी पासून सुरू होतो. मालक म्हणतो जिप्सीचं, त्याचाच पोऱ्या म्हणतो एस्टीमचं. गिअरबॉक्स नाही, २२ हजार सांगतोय. दुसरं, मित्राकडे जुन्या होंडा सिटी व्हीटेकचं १.५ इंजिन गिअरबॉक्ससकट आहे. तिसरं, ड्यूक ३९० बाईकचं इंजिन. पॉवर पाहिली तर होंडा पुढे आहे. पण मला कबाडातलं ओळखायचं कसं ते आधी सांगा.

वऱ्हाडी_गिअर
भाऊ, तू इंजिन पाहून गाडी बनवून राहिला का गिअरबॉक्स पाहून? उलटं करून राहिला. पण आधी तुझ्या प्रश्नाचं पाहू.

जी१३बीबी एवढ्यावरून काही समजत नाही. तेच १२९८ सीसीचं इंजिन मारुतीनं एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनवाल्या, एस्टीममधे टाकलं, जिप्सी किंगमधे टाकलं आन् २००५ च्या पहिल्या स्विफ्टमधेबी टाकलं. एस्टीमले ८५ हॉर्सपॉवर, जिप्सीले ८०, स्विफ्टले ८७. ब्लॉकचं खानदान एकच, ॲल्युमिनियमचं, हलकं. फरक सारा बाहेर लटकलेल्या सामानात आहे.

तर कबाडीकडे जाऊन हे पाय. इंजिनच्या दोन्ही बाजूले समोरासमोर माउंटिंगचे ब्रॅकेट असतील तर ते उभं बसणारं, म्हणजे जिप्सीचं. टायमिंग बेल्टच्या टोकाले माउंटिंग असंन तर आडवं बसणारं, एस्टीम नाहीतर स्विफ्ट. मंग चेंबर, म्हणजे इंजिनखालची तेलाची परात, पाय, तेलाचा खोल भाग कोण्या टोकाले आहे. मंग फ्लायव्हीलच्या मधोमध बोट घाल. पायलट बेअरिंग आहे का? उभ्या गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक तिथं टेकते. आडव्यांमधे बहुतेक ते नसतेच.

कबाडीले विचारू नको. तो तुले जे पाह्यजे तेच सांगते.

पुणेकर_पिस्टन
होंडा घरात असताना कबाडात हात कशाला घालायचा? १०६ हॉर्सपॉवर, वर जाताना गाणारं इंजिन. सीटच्या मागे आडवं टाकायचं. पुढच्या चाकांची ओढ असलेल्या गाडीचा अख्खा संच उचलून मागे बसवण्याची युक्ती फियाटनं एक्स १/९ मधे केली, टोयोटानं एमआर२ मधे केली. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा दांडा) नको, डिफ (दोन चाकांना फेरे वाटून देणारा डबा) वेगळा नको, सगळं एका गठ्ठ्यात.

फॉर्म्युला_ताई
युक्ती बरोबर आहे, पण त्यांची फ्रेम पुढच्या इंजिनाची आहे आणि ती निम्मी उभी आहे. इंजिन मागे न्यायचं म्हणजे फ्रेम नवी. रेडिएटर पुढे ठेवला तर पाण्याचे पाइप गाडीभर फिरवा, गिअरच्या केबल उलट्या दिशेनं न्या, पेट्रोलची टाकी दुसरीकडे हलवा. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं खुशाल करावं. यांनी नाही.

आणि होंडा पुढे उभं बसवायचा विचार कुणाच्या डोक्यात आला असेल तर तोही सोडा. ते डी सिरीजचं इंजिन आहे. होंडाची ही जुनी इंजिनं बाकी जगाच्या उलट दिशेनं फिरतात. स्वतःच्या गिअरबॉक्सबरोबर काही अडत नाही. पण त्याच्यामागे जिप्सीचा किंवा दुसरा कुठला उभा गिअरबॉक्स ॲडॅप्टर करून जोडलात, तर पाच गिअर मागे जायला आणि एक पुढे जायला मिळेल.

ड्यूकबद्दल: कॉलेजात असताना आमच्या फॉर्म्युला गाडीला तेच होतं. फॉर्म्युला भारत या कॉलेजांच्या स्पर्धेच्या नियमात ७१० सीसीची मर्यादा असते, त्यामुळे पोरं ३९० घेतात. पण ती गाडी एकट्या माणसाची, अंगानं निम्म्याहून कमी. ५५० किलो आणि वर दोन माणसं ओढताना बाईकच्या क्लचचं काय होईल ते सांगायला नको. रिव्हर्स नाही हे वेगळंच. पार्किंगमधे उतरून ढकलायची तयारी असेल तर बघा.

संत्रानगरी_३१
माझा जीव अजून काँटेसात अडकलेला आहे. इसुझूचं १.८, उभं इंजिन, पाच गिअर, मागच्या चाकांना ओढ. सगळं तयार. ॲम्बेसेडरमधेही तेच १.८ होतं. प्रीमियर ११८ एनई आठवते का कुणाला? निसानचं १२०० च्या आतलं इंजिन, तेही मागच्या चाकांचं.

वऱ्हाडी_गिअर
आठवते ना. पण त्या इसुझूचा ब्लॉक बिडाचा. दोघं मिळून उचला म्हणजे समजंन. ५५० किलोच्या गाडीत नाकावर एवढं ठेवलं का स्टेअरिंग फिरवायले पैलवान लागते. आन् ११८ एनईचं गिअर सामान आता शोधूनबी भेटत नाही.

पुणेकर_पिस्टन
बरं, होंडा मागे घेतो. नॅनो? इंजिन मागेच आहे, ओढ मागच्या चाकांना, ॲल्युमिनियमचं.

फॉर्म्युला_ताई
६२४ सीसी, ३८ पीएस, चार गिअर. छोटी गो-कार्टसारखी गाडी करायची तर सामान काढायला छान. इथे नको, फ्रेमचा तोच प्रश्न पुन्हा येतो.

मूळ मुद्द्याकडे येते. वऱ्हाडी काकांनी पहिल्याच ओळीत सांगितलं तेच मला पटतं. भारतात उभं पेट्रोल इंजिन, मागच्या चाकांना ओढ आणि हलकं वजन हे तिन्ही एकत्र असलेल्या गाड्या मोजक्याच आहेत. जिप्सी, ओम्नी, वर्सा, ईको. बाकी बहुतेक सगळी धूडं. म्हणजे निवड हॉर्सपॉवरनं करायचीच नाही. कुठल्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट आणि मागचा एक्सल एकमेकांना आधीच जोडलेले मिळतात ते बघायचं.

आणि सुझुकीचं सामान म्हणजे तडजोड असं समजू नका. सेव्हन ज्यांच्या हक्काची आहे त्या केटरहॅमनंच सेव्हन १६० काढली, त्यात सुझुकीचं ६६० सीसीचं तीन सिलिंडर टर्बो इंजिन होतं आणि मागचा सलग एक्सलसुद्धा सुझुकीचाच. ८० हॉर्सपॉवर, ४९० किलो. तुमचा बेत याच्यापासून फार लांब नाही.

नळीवेल्डर
ताई, केटरहॅमचं माहीत नव्हतं, जिवात जीव आला. मग जिप्सीच पक्की ना? फक्त ट्रान्सफर केसचं, म्हणजे चारही चाकांना ओढ वाटणाऱ्या डब्याचं, काय करायचं?

वऱ्हाडी_गिअर
जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सले चिकटून नसते, येगळा लटकते, मधे एक आखूड शाफ्ट असते. तो डब्बा काढून फेक, गिअरबॉक्समधून सरळ प्रोपेलर शाफ्ट मागं ने. म्हनून तर जिप्सी चांगली.

टॉर्क_रेंच
थांबा. जिप्सीचा ट्रान्सफर केस हाय रेंजवर असला तरी एकास एक नसतो, १.४ च्या आसपासची घट त्यात असते. ती काढली की सगळे गिअर तेवढेच लांब होणार. गाडी पहिल्यात उचलणार नाही.

फॉर्म्युला_ताई
गणित करून बघू या. जिप्सीच्या एक्सलचं गुणोत्तर ३.९ धरा. चौथा गिअर थेट, एकास एक. १३ इंची चाकाचा घेर अंदाजे १.७८ मीटर. इंजिन ६००० वर असताना चाक मिनिटाला साधारण १५४० फेरे घेतं, म्हणजे ताशी १६४ किलोमीटर, तेही चौथ्यात. पाचवा नुसता हायवेला आवाज कमी करायला. पहिल्यात ताशी ४५ च्या आसपास. मूळ जिप्सी त्याच इंजिनवर पहिल्यात चाळिशीच्या आतच राहते, पण ती टनाभराची गाडी आहे. वजन निम्म्यावर आलं की लांब गिअर चालतो, उलट सारखा बदलावा लागत नाही. टॉर्क_रेंच यांची शंका रास्त आहे, पण या वजनाला लागू होत नाही.

खरी अडचण दुसरी. जिप्सीच्या मागच्या एक्सलचा क्राउन (आतलं मोठं दातेरी चाक) मधोमध नसतो, एका अंगाला सरकलेला असतो. दोन सीटच्या मधल्या बोगद्यातून शाफ्ट न्यायचा तर हे आधी मोजावं लागेल.

टॉर्क_रेंच
१३ इंची चाकावर मान्य. जिप्सीची १५ इंची ठेवली तर आणखी लांब होईल एवढंच म्हणून ठेवतो.

कलम_बावन्न
वाचतोय, मजा येतेय, पण एक गोष्ट अजून कुणी काढली नाही. ही गाडी रस्त्यावर कशी आणणार?

नळीवेल्डर
जिप्सीचं आरसी बुक ठेवायचं, इंजिन नंबर तोच राहील. एमएच ३१ ची पाटी लावायची.

कलम_बावन्न
नाही जमणार. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीत उत्पादकानं दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी गाडी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मधे सर्वोच्च न्यायालयानं हे आणखी कडक करून सांगितलं. इंजिन बदलायचं तर परवानगी घेऊन, त्याच बनावटीचं आणि त्याच प्रकारचं. तुम्ही तर इंजिन ठेवून गाडीच बदलताय. चासी नंबर कुठे कोरणार? दुसऱ्या चासीचा तुकडा कापून आपल्या फ्रेमवर जोडायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्यापासून लांब राहा, तो थेट फौजदारी गुन्हा होतो.

नवी गाडी म्हणून नोंदवायची तर केंद्रीय नियम १२६ प्रमाणे नमुन्याची चाचणी, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून. ते कंपन्यांसाठी आहे. ब्रिटनमधे एकेकट्या गाडीला मंजुरी देणारी आयव्हीए नावाची पद्धत आहे, म्हणून तिथले व्हिडिओ पाहून वाटतं की पाटी मिळेल. आपल्याकडे तशी वाट नाही.

नळीवेल्डर
हे वाचून जेवण गेलं नाही. पण खरं सांगायचं तर रस्त्यावर रोज फिरवायची नव्हतीच. बंद आवारात, ऑटोक्रॉसला (मोकळ्या मैदानातल्या वळणांच्या शर्यतीला) आणि कधी ट्रॅक डे मिळाला तर फ्लॅटबेडवर टाकून कोइम्बतूरच्या ट्रॅकवर. घरच्यांना मात्र पाटीचं सांगून बसलोय.

कलम_बावन्न
तेवढ्यासाठी बनवत असाल तर बिनधास्त बनवा. आयोजकांना सुरक्षेचे नियम आधी विचारा. रोल बार, पट्टे, बाहेरून बंद करता येणारा बॅटरीचा स्विच हे फ्रेम उघडी आहे तोवरच बसवा.

नळीवेल्डर
कबाडीकडे जाऊन आलो. पायलट बेअरिंग नाही. टायमिंग बेल्टच्या टोकाला माउंटिंग आहे. म्हणजे पोऱ्याच खरा. शिवाय नंबरच्या शेवटच्या तीन अंकांवर ग्राइंडर मारल्यासारखं वाटतं. कागद विचारला तर म्हणाला, "इंजिनला कुठं कागद असतो?"

कलम_बावन्न
असतो. गाडी कुणाची होती त्याचं आरसी, विक्रीची पावती, गाडी भंगारात निघाल्याचा किंवा नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा. यातलं काही नाही आणि वर नंबर घासलेला, तर २२ काय, २ हजारातही घेऊ नका.

वऱ्हाडी_गिअर
सोड ते. सुटं इंजिन घेऊच नको. सुट्या इंजिनाले वायरिंगचा जुडगा नसते, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नसते, सेन्सर अर्धे तुटलेले असते. एकेक जमा करता करता अख्ख्या गाडीची किंमत होऊन जाते. ठोकलेली पूर्ण गाडी घे. इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट, मागच्या एक्सलचं हौसिंग, रेडिएटर, ईसीयू, चावी, सारं एका दमात. उरलेलं भंगारात इकून टाक.

फॉर्म्युला_ताई
चावीचा मुद्दा अधोरेखित करते. नव्या मारुतींमधे आयकॅट्स नावाचा चोरी रोखणारा इमोबिलायझर असतो. ईसीयू आणि चावी एकमेकांना ओळखतात. चावी हरवलेली गाडी स्वस्तात मिळाली म्हणून घेतली तर सेल्फ फिरत राहील, इंजिन चालू होणार नाही.

जिप्सीसाठी अडून बसू नका असं सांगेन. २०१९ नंतर ती सामान्य ग्राहकाला मिळणं बंद झाली, आणि ऑफ-रोडवाले जुन्या गाड्यांना सोन्याचा भाव देतात. धडकलेली जिप्सीसुद्धा कुणी ना कुणी दुरुस्त करून घेतो. त्यापेक्षा ईको बघा. नागपुरात शाळेच्या व्हॅन, रुग्णवाहिका, दुकानांचा माल वाहणाऱ्या, सगळीकडे ईकोच. २०१० ते २०२२ मधली १.२, ११९६ सीसी, ७३ हॉर्सपॉवर. ५५० किलोला टनामागे १३० च्या वर पडतात. मालकानं भारी म्हणून मिरवलेल्या कितीतरी गाड्यांपेक्षा जास्त. ट्रान्सफर केसची भानगड नाही.

आणि इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे समोरून ठोकलेल्या ईकोत पत्रा आणि रेडिएटर जातात, इंजिन-गिअरबॉक्स बहुतेक वाचतात. मागून ठोकलेली घेऊ नका, एक्सल वाकलेला असू शकतो.

टॉर्क_रेंच
ईकोचा गिअरबॉक्स ड्रायव्हरच्या मागे असतो. लिव्हरची जोडणी त्या हिशेबानं केलेली आहे, सेव्हनमधे लिव्हर थेट डब्यावर हवा. तिथे काम निघेल.

फॉर्म्युला_ताई
निघेल, पण ते फॅब्रिकेशनचं काम आहे आणि हे फॅब्रिकेटर आहेत. गिअरचे दात कापण्यापेक्षा लिव्हरची रॉड बनवणं त्यांना सोपं.

नळीवेल्डर
ताई, बरोबर ओळखलंत. इकडे वाडीजवळ विम्याच्या सॅल्व्हेजमधून आलेली एक ईको पाहून ठेवली. समोरचा पत्रा गेलाय, आरसी आहे, दोन्ही चाव्या आहेत. सीएनजीवर चाललेली आहे, हे वाईट की चालतं?

वऱ्हाडी_गिअर
चालते, पण पारखून घे. सीएनजी कोरडा गॅस, वॉल्व्ह आन् सीट जास्त झिजते. कॉम्प्रेशन घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नको. इंजिन गरम कर, चारही प्लग काढ, पेट्रोल आन् कॉइलचं कनेक्शन काढ, ॲक्सिलेटर पूर्ण दाबून सेल्फ मार. बॅटरी फुल पाह्यजे. चारही सिलिंडरमधला फरक एक किलोच्या आत असला पाह्यजे. एखादा कमी दाखवून राहिला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत घे. रीडिंग वर आलं तर रिंग गेली, नाही आलं तर वॉल्व्ह.

ऑइल भरायचं झाकण उघडून पाय, आत पांढरा लोण्यासारखा थर असंन तर पाणी आन् तेल एक झालं. तिथंच नमस्कार करून परत फिर.

फॉर्म्युला_ताई
एक्सलचं गुणोत्तरही तिथेच मोजा. एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर. गाडीला पुढून ओट लावा, गिअर न्यूट्रल. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फिरला ते मोजा. शाफ्टवर खडूची रेघ मारून ठेवा. जेवढे फेरे तेवढं गुणोत्तर.

नळीवेल्डर
दोन फेरे का?

फॉर्म्युला_ताई
एक चाक अडलेलं असलं की डिफ त्याच्या वाट्याचं फिरणंही दुसऱ्या चाकाला देतो. म्हणून मोकळं चाक दोनदा फिरलं की क्राउन एकदा फिरतो.

संत्रानगरी_३१
रेडिएटर कुणी बोललं नाही. सेव्हनचं नाक इंग्लंडच्या हवेसाठी आहे. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो.

वऱ्हाडी_गिअर
ईकोचाच रेडिएटर लाव, लहान करू नको. हवा बाजूनं पळून जाऊ नये म्हनून चारही अंगानं पत्रा मार. इलेक्ट्रिक फॅन. आन् कोणी मेकॅनिक म्हणंन का थर्मोस्टॅट काढून टाक, त्याचं ऐकू नको. एमपीएफआय इंजिन थंडं राहिलं का ईसीयू पेट्रोल जास्त टाकत राहते.

पेट्रोलच्या रबरी नळ्या बी साऱ्या नव्या टाक. आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) भेटते, जुन्या नळ्या फुगतात.

नळीवेल्डर
ईको घेतली. कॉम्प्रेशन चारही १२ आणि १३ च्या मधे आलं. सौदा करताना ईको विकणारा वऱ्हाडी काकांनी सांगितलेल्या प्रत्येक मुद्द्यावर तोंड वाकडं करत होता. आता गाडी शेडमधे आहे, इंजिन उतरवलं की फ्रेमला माउंटिंग जोडायला घेतो.

फॉर्म्युला_ताई
जोडू नका अजून. आधी इंजिन-गिअरबॉक्स फ्रेममधे लाकडी ठोकळ्यांवर नुसता ठेवा. चेंबर फ्रेमच्या खालच्या नळीखाली किती उतरतो ते बघा. सायलेन्सरचा पाइप स्टेअरिंग कॉलमला कुठे भिडतो ते बघा. बॉनेट किती उंच येईल, बेल हौसिंगला पेडलजवळ जागा राहते का, सेल्फ काढायला हात जातो का. कोपऱ्यात जोरात वळवणार असाल तर चेंबरमधे तेल अडवणारी पट्टी लागेल, ती चेंबर खाली आहे तोवरच लावा. सगळं जुळलं की मग टॅक (ठिपक्याठिपक्यांचं कच्चं वेल्ड), आणि टॅकवर दोन दिवस सोडून मग पूर्ण वेल्ड. चेंबरच्या खोलीचा फोटो टाका, पट्टीचं माप सांगते.

वऱ्हाडी_गिअर
उतरवायच्या दिवशी सांग, चेन पुली घेऊन येतो. सकाळी सातले चालू करू, तुयाच्या शेडवर पत्रे आहेत, दुपारी काम होत नाही. वायरिंगच्या प्रत्येक सॉकेटले काढायच्या आधी चिठ्ठी बांधून ठेव.